आठ मुली, दोन मुलगे आणि चाळीस मिनिटं

पत्र: ताई, मी जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. दरवर्षी गॅदरिंगला एकांकिका बसवते. यंदा बाहेरच्या स्पर्धेतही उतरायचं म्हणतेय. माझ्याकडे आठ मुली आणि दोन मुलगे आहेत. आमच्या ग्रंथालयातली एकांकिकांची पुस्तकं मी शिकत होते तेव्हाचीच आहेत आणि त्यांतल्या बायका चहाचा ट्रे घेऊन येतात नि जातात. मुली विचारतात, ‘मॅडम, आमचं असं काही नाही का?’ आत्ता लिहिणाऱ्या नाटककारांच्या चार-पाच नव्या एकांकिका सुचवाल का? वेळ चाळीस मिनिटं, नेपथ्याला पैसे जवळजवळ नाहीतच. शिवाय मुलींची भाषा ग्रामीण आहे, ती सुधारण्यात किती दिवस घालवावेत तेही सांगा.

उत्तर:

नमस्कार मॅडम,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण एकांकिका कोणती निवडायची ते त्याच्यावरच ठरणार आहे. भाषा सुधारण्यात एकही दिवस घालवू नका. आवाजावर घालवा. श्वास कुठे घ्यायचा, वाक्यातला शेवटचा शब्द गिळायचा नाही, शेवटच्या रांगेपर्यंत बोलणं पोचलं पाहिजे, यावर रोज अर्धा तास द्या. बोली मात्र आहे तशी राहू द्या.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्याच एका कॉलेजच्या तालमीला मी बसले होते. एका मुलीच्या वाट्याला वाक्य होतं, ‘आई, मला इथे फार एकटं वाटतं.’ तिनं ते पाच वेळा म्हटलं आणि पाचही वेळा ते धड्यातलं वाक्य वाचल्यासारखं आलं. दिग्दर्शक सांगत होते, भाव आण, डोळ्यांत पाणी आण. ती बिचारी भुवया वर चढवत होती. शेवटी सर म्हणाले, ‘बरं, तू घरी फोनवर काय म्हणशील?’ ती खाली बघून म्हणाली, ‘आये, मला हितं करमंनाच गेलंय.’ हॉलमध्ये सतरंज्या गोळा करणारा शिपाई हातातली सतरंजी तशीच धरून उभा राहिला. पुढे ते वाक्य लेखकाला विचारून तसंच ठेवलं.

म्हणून एकांकिका शोधताना पहिला निकष हा ठेवा, की तिची वाक्यं तुमच्या मुलींच्या तोंडात बसतात का. विषय कितीही ताजा असू दे, बक्षिसं कितीही मिळालेली असू देत, वाक्यं तोंडात अडकत असतील तर ती संहिता तुमची नाही.

आता नावं. दोन प्रकारची सांगते, काही करण्यासाठी आणि काही फक्त वाचण्यासाठी.

सुरुवात तुमच्याच जिल्ह्यापासून. घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थचे राजकुमार तांगडे शेती करतात आणि नाटकं लिहितात. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे त्यांचं नाटक २०१२ साली आलं. संकल्पना संभाजी भगत यांची, दिग्दर्शन नंदू माधव यांचं, आणि रंगमंचावर जालन्याकडची शेतकरी मंडळी. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी ते त्याच बोलीत ऐकलं आणि डोक्यावर घेतलं. ते मोठं नाटक आहे, चाळीस मिनिटांत मावणार नाही आणि कापून मावेल असं करूही नका. पण मुलींना त्यातले दोन-तीन प्रवेश मोठ्यानं वाचायला लावा. आपण घरात बोलतो ती भाषा पुस्तकात छापलेली आणि थिएटरात टाळ्या घेणारी असू शकते, हे त्यांना एकदा कानांनी कळू द्या. तांगडेंचंच ‘आकडा’ विजेच्या प्रश्नावर आहे. तारेवर टाकून वीज घ्यायचा आकडा म्हणजे काय हे तुमच्या वर्गात कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. लेखक तुमच्यापासून एका एसटीच्या अंतरावर राहतो. त्यांना कॉलेजात बोलवा. आठ मुली आहेत, त्यांच्यासाठी काय करता येईल, असं सरळ विचारा. जवळ राहणाऱ्या नाटककाराला आपण प्रमुख पाहुणा म्हणून बोलावतो, शाल-श्रीफळ देतो आणि संहिता मात्र पुण्या-मुंबईहून मागवतो, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

दुसरं नाव प्राजक्त देशमुख, नाशिकचे. ‘संगीत देवबाभळी’ तुम्ही ऐकलं असेल. भद्रकाली प्रॉडक्शन्सनं २०१७ च्या डिसेंबरात ते व्यावसायिक रंगभूमीवर आणलं आणि पुढे देशमुखांना त्यासाठी २०२० चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. पण ते मुळात एकांकिका होतं, हे तुमच्या कामाचं. दोनच बायका. तुकोबांची भाकरी घेऊन डोंगर चढणाऱ्या आवलीच्या पायात काटा रुततो. तो काढायला खुद्द विठ्ठल येतो. आणि मग तिची शुश्रूषा करायला रखुमाई लखुबाई होऊन तिच्या घरी राहते. ज्याच्यापायी दोघींचा संसार उसवलाय त्याच्याविषयी या दोघी चुलीपाशी बोलत बसतात. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की दोघींपैकी कोणीही रंगमंचावर रिकामी उभी नाही. हात सतत कामात आहेत आणि बोलणं त्या कामातून निघतं. चहाच्या ट्रेला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

अडचणही सांगते. हे करायला गाणाऱ्या मुली लागतात. नुसत्या बऱ्या गाणाऱ्या नव्हे, दमलेल्या अवस्थेत सुरात राहणाऱ्या. तुमच्याकडे अशा दोघी असतील आणि बाकीच्या सहा मागे अभंगाला उभ्या राहायला तयार असतील, तर लेखकाकडे एकांकिकेच्या संहितेची विचारणा करा. नसतील तर नाद सोडा. रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर ओठ हलवून हे नाटक उभं राहत नाही.

तिसरी एकांकिका नवी नाही, तरी सुचवतेच. प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’, १९७७ ची. दोन पात्रं, रिकामी जागा, आणि त्या दोघांनी एकामागून एक घेतलेली कितीतरी माणसांची रूपं. विषय पाण्यावरून पाळल्या जाणाऱ्या जातीचा. गज्वी २०१९ साली नागपूरच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष होते आणि आजही लिहिते आहेत, म्हणून त्यांना मी समकालीनांतच धरते. नेपथ्याचा खर्च शून्य. कमी साधनांत मोठी गोष्ट कशी सांगतात हे शिकायचं असेल तर यासारखा धडा नाही. गॅदरिंगला नाही केली तरी चालेल, पण तालमीच्या पहिल्या आठवड्यात मुलींच्या चार जोड्या पाडा आणि प्रत्येक जोडीला पाच-पाच मिनिटांचा तुकडा उभा करायला द्या. कोण कशात चांगली आहे ते तुम्हाला त्या आठवड्यातच कळेल.

वाचण्यासाठी आणखी तिघं. मनस्विनी लता रवींद्र (‘सिगारेट्स’, ‘अलविदा’) आणि इरावती कर्णिक यांचं लेखन मुलींच्या हाती पडलंच पाहिजे. शहरी जगातलं आहे, विषय मोठ्यांचे आहेत, म्हणून आधी तुम्ही स्वतः वाचा आणि काय द्यायचं ते ठरवा. पण बाई मनात जे बोलते ते रंगमंचावर मोठ्यानं कसं बोलवायचं, हे या दोघींकडून शिकण्यासारखं आहे. तिसरे दत्ता पाटील, नाशिकचेच. त्यांचं ‘हंडाभर चांदण्या’ टँकरची वाट बघणाऱ्या माणसांचं मोठ्या लांबीचं नाटक आहे. वाट बघणं हीच जिथे मुख्य घडामोड आहे तिथे नाटक कशानं धरून ठेवतं, हे मुलींना शोधायला सांगा.

तुम्ही चार-पाच नव्या एकांकिका मागितल्यात आणि मी करण्याजोगी नावं मोजकीच दिली, हे माझ्या लक्षात आहे. कारण असं, की खरोखर नव्या एकांकिका पुस्तकात सापडतच नाहीत. त्या दरवर्षी लिहिल्या जातात, शेकड्यांनी. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात त्याच्या फेऱ्या होतात. फिरोदिया करंडकात नाटकाच्या जोडीला गाणं, चित्रकला, इतर कलाही येतात. मुंबईत आयएनटीची, म्हणजे इंडियन नॅशनल थिएटरची, स्पर्धा आहे. ‘लोकसत्ता’ची लोकांकिका २०१४ पासून राज्यातल्या वेगवेगळ्या केंद्रांवर होते. अस्तित्व ही संस्था सगळ्या संघांना एकच कल्पना देते आणि त्या एका कल्पनेच्या वेगवेगळ्या एकांकिका होतात. आणि वर्षभरात ठिकठिकाणी पहिल्या आलेल्या एकांकिका चतुरंग संस्थेच्या ‘सवाई’ स्पर्धेत एकमेकींसमोर उभ्या राहतात, २५ जानेवारीच्या रात्री, पार प्रजासत्ताकदिनाची पहाट होईपर्यंत. नवं लेखन हे असं तिथे असतं. प्रयोग संपतो, ती पोरं पास होऊन नोकरीला लागतात आणि संहिता कोणाच्या तरी लॅपटॉपमध्ये पडून राहते. छापायला प्रकाशक सहसा तयार होत नाहीत. एकेक चांगली संहिता अशी दोन वर्षांत नाहीशी होताना मी पाहिली आहे आणि तुमच्यासारख्या गावोगावच्या शिक्षकांनी ती मागितली तरच ती जगेल, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा निकालाची बातमी वर्तमानपत्रात आली की एकांकिकेचं नाव वाचून थांबू नका. लेखकाचं नाव आणि कॉलेज वहीत उतरवून घ्या. मग त्या कॉलेजच्या सांस्कृतिक विभागाला फोन करा. नंबर मिळतो आणि लेखक किंवा लेखिका बहुतेक वेळा तेवीस-चोवीस वर्षांचीच असते. आपल्या गावाबाहेर कोणीतरी आपलं नाटक मागतंय या आनंदात ती पोरं रात्री अकरालाही उत्तर देतात. निरोप असा पाठवा: ‘मी अमुक गावच्या कॉलेजात शिकवते. तुमच्या एकांकिकेविषयी वाचलं. माझ्याकडे आठ मुली, दोन मुलगे आहेत, वेळ चाळीस मिनिटं. संहिता वाचायला मिळेल का? आवडली तर लेखी परवानगी घेऊन, तुमचं नाव लावूनच प्रयोग करू. मानधनाचं तुम्ही सांगा, आमची ऐपत मीही मोकळेपणानं सांगेन.’ यातलं शेवटचं वाक्य गाळू नका.

परवानगीचं थोडं नीट सांगते, कारण इथे अजाणता चूक होते. प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. शाळा-कॉलेजच्या उपक्रमात विद्यार्थी आणि शिक्षकांनी केलेला प्रयोग, ज्याला फक्त तिथलेच विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं बसली आहेत, त्याला कायद्यानं सूट आहे. म्हणजे नुसत्या गॅदरिंगपुरतं तुम्ही सुरक्षित आहात. गावाला खुलं आमंत्रण दिलंत किंवा स्पर्धेत उतरलात की लेखकाची संमती लागते. लेखक हयात नसेल तर वारसांची, कारण मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क त्यांच्याकडे राहतो. तिकीट लावून केलेल्या प्रयोगाला आणि बहुतेक स्पर्धांना रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्रही लागतं. ते आयत्या वेळी मिळत नाही, म्हणून प्रवेशिकेबरोबर काय काय जोडायचं ते आजच बघून ठेवा.

माझ्या ओळखीच्या एका तरुण लेखिकेला आपल्या एकांकिकेचा प्रयोग झाल्याचं कळलं ते बक्षीस समारंभाच्या फोटोवरून. नाव बदललेलं, शेवट बदललेला, लेखक म्हणून भलत्याचंच नाव. तिनं भांडण केलं नाही, पण पुढची दोन वर्षं लिहिलंही नाही. गॅदरिंगला कायद्यानं सूट असली तरी तिथेही लेखकाला कळवा आणि नाव पडद्यावर मोठं लावा, असं मी म्हणते ते यासाठी.

स्पर्धेतली गाजलेली संहिता हाती आली की लगेच हुरळू नका. २०२२ साली पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी अंतिम फेरीतल्या एकाही संघाला करंडक दिला नाही. त्यावर खूप वाद झाला, पण मला त्या चर्चेतून एवढं नक्की जाणवलं, की स्पर्धेसाठी म्हणून लिहिलेल्या एकांकिकांचा एक साचा बनत चालला आहे. शेवटच्या पाच मिनिटांत धक्का. कोणीतरी मेलेलंच असतं, किंवा वेडं असतं, किंवा सगळं स्वप्न असतं. मध्ये तीन ब्लॅकआऊट, छातीत धडधडणारं संगीत, आणि टाळी घेणारी वाक्यं. अशा संहितेत मुलींना करायला काही नसतं, सगळं काम प्रकाशयोजना करते. एक साधी कसोटी सांगते. संहिता दिवसाउजेडी वर्गात, गोल बसून, संगीताशिवाय वाचा. पंधराव्या मिनिटाला कोणी मोबाईल बघायला लागलं तर ती ठेवून द्या. आणि वाचताना मोजा की प्रत्येक मुलीला रंगमंचावर काही हवं आहे का, काही मिळवायचं, लपवायचं, टाळायचं आहे का. ओळी कमी असल्या तरी चालतील.

पुरुषांची पात्रं बायकांची करून घेण्याचा मोह होईल. ‘गेलो’चं ‘गेले’ केलं की झालं, असं वाटतं. होत नाही. बाप आणि मुलगा जमिनीवरून भांडतात आणि आई आणि मुलगी जमिनीवरून भांडतात, ही दोन वेगळी नाटकं आहेत. दुसऱ्या नाटकात मुलीसमोर हक्कसोडपत्र ठेवलेलं असतं आणि ‘सही कर, भाऊ आहे तुझा’ म्हणणारी आई असते.

हे लिहिता लिहिता वाटलं, की तुमची एकांकिका कदाचित इथेच आहे. रत्नाकर मतकरी गेले २०२० मध्ये. त्याच्या आधी त्यांनी ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘नाट्यजल्लोष’ सुरू केला होता. वस्त्यांमधल्या मुलांनी आपापल्या नाटिका स्वतःच उभ्या करायच्या, विषय त्यांचे, बोलणं त्यांचं. आयुष्यभर स्वतः लिहीत आलेल्या इतक्या मोठ्या लेखकानं उतारवयात मुलांच्या हाती लेखणी द्यावी, याचा मला फार आदर वाटतो. गज्वींची बोधी नाट्य परिषदही नाट्यलेखनाच्या कार्यशाळा घेत आली आहे. म्हणजे नवा लेखक शोधण्याइतकीच नवा लेखक घडवण्याची वाटही आहे, आणि ती तुमच्या वर्गातून जाते.

मुलींना एक पान लिहायला सांगा. निबंध नको, दोन माणसांचं बोलणं. शेवटची एसटी चुकलेल्या दोघी स्टँडवर. बारावीनंतर काय, यावर चुलीपुढे आई आणि मुलगी. ऊसतोडीला जाणारी मैत्रीण तिचं दप्तर ठेवायला येते तो प्रसंग. पानावर ‘ती रागाने म्हणाली’ असं लिहू द्यायचं नाही, फक्त बोलणं. आठ पानं येतील. त्यांतली पाच साधारण असतील, दोन बऱ्या आणि एखादी अशी असेल की तुम्ही ती घरी नेऊन परत वाचाल. त्या पानावर काम करा. लिहिणारीचं नाव लेखिका म्हणून लागलं पाहिजे, ‘सामूहिक’ म्हणून मिटवू नका.

दोन मुलग्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाही तरी सांगते. त्यांना चहाचा ट्रे देऊ नका. त्यांच्यावर अन्याय होईल तो वेगळाच, पण मुलींनाही त्यातून काही मिळणार नाही. एकाला बाप द्या, ज्याला मुलीचं पटतंय पण भावकीसमोर बोलता येत नाही. हे काम करायला अवघड आहे, चांगला मुलगा त्यात रमेल.

गॅदरिंग जानेवारीत असेल तर दिवाळीच्या सुट्टीआधी संहिता नक्की झाली पाहिजे. सुट्टीत पाठांतर, मग सहा आठवडे तालमी. त्यातले पहिले पंधरा दिवस कोणाला जागेवरून हलवू नका, बसून नुसतं वाचन करा. नेपथ्याला दोन बाकडी, एक कंदील किंवा हंडा, एवढं पुष्कळ झालं.

तांगडेंना आधी विचारा, बाकीचं मागाहून. प्रयोगाची तारीख ठरली की मला कळवा. मी येईन आणि शेवटच्या रांगेत बसेन. प्रत्येकीचा शेवटचा शब्द तिथपर्यंत येतो का, ते ऐकून सांगेन.

तुमची,
ताई